उंबऱ्याच्या आतली फरशी

५ फेब्रुवारी २००६, रविवार

नाही म्हणाली. म्हणजे घरी यायला नाही म्हणाली असं नाही — त्या लाल फरशीवर पाय ठेवायला नाही म्हणाली. एकच झालं ते.

गाडीने तांबरमला गेलो होतो, हेरंबकडे. कुमुदिनी खाटेवर बसून वॉकरच्या दांडीवर ओले रुमाल वाळत घालत होती. खुब्याच्या ऑपरेशनचे टाके निघाले. डॉक्टर म्हणतात, आता चालवा. चालते — सुनेच्या हॉलमधून गॅलरीपर्यंत आणि परत. पण मांबलमच्या आपल्या घराचं नाव काढलं की तोंड फिरवते.

दोष फरशीचाच. डिसेंबरात पुराचं पाणी घरात शिरलं, आणि उतरलं तेव्हा दाराच्या आतल्या चौकोनातला लाल ऑक्साइड पापुद्रे धरून उठला होता. वर गाळाचा थर — कितीही घासा, बुळबुळीत तो बुळबुळीतच. तिथेच ती पडली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, हातात तिळाचा डबा.

हेरंब म्हणतो, घर विकून टाका, इथे लिफ्ट आहे. त्याला लिफ्ट म्हणजे मोक्ष वाटतो. सून विद्यालक्ष्मी तिच्या तमिळ वळणाच्या मराठीत म्हणाली की अत्तै — सासूला ती अत्तैच म्हणते — इथेच राहू दे, मला जड नाही. चांगली आहे मुलगी. पण निघताना कुमुदिनीने मला खुणेने जवळ बोलावलं.

"पाडव्याची गुढी आपल्या दारात," ती म्हणाली. "फरशी तेवढी अशी घाला, की मी कोणाचा हात न धरता आत येईन. आणि रांगोळी बसली पाहिजे तिच्यावर."

पाडवा मार्चअखेर आहे. वेळ आहे. आहे ना?

८ फेब्रुवारी, बुधवार

आर्काट रोडवर फरशांच्या दुकानात गेलो. मी शहाबादी मागितली. दुकानदाराला ते नाव ऐकून गंमत वाटली. तो शेजारच्या माणसाकडे बघून हसला आणि म्हणाला, मामा, ती रेल्वे स्टेशनात असते ती ना? मी जन्मभर कोच फॅक्टरीत डब्यांना रंग मारले. स्टेशनातली फरशी कोणती हे हा मला शिकवणार!

मग त्याने एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. व्हिट्रिफाइड, मॅट, अँटी-स्किड. माझी शाळा सातवीत संपली. अशी नावं ऐकली की मला वाटतं हा आता फसवणार. म्हणून बोललो नाही, प्रत्येकीवर हात फिरवून बघितला. अँटी-स्किड हाताला बरी, पण तिच्या खाचांत घाण बसेल, ती कोण काढणार? व्हिट्रिफाइडमध्ये माझं स्वतःचं तोंड दिसलं. रोज दारात आपलंच तोंड तुडवायचं — नको.

शेवटी तोच म्हणाला, घरी न्या, पाणी टाकून बघा. चार नमुने दिले. व्हिट्रिफाइड, अँटी-स्किड, काळा कडप्पा, आणि पॉलिश न करता टाकी लावून खडबडीत केलेला ग्रॅनाइट. रिक्षात मांडीवर घेऊन आणले. मांड्या अजून ठणकताहेत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

चारही नमुने दाराच्या आत ओळीने मांडले. प्रत्येकावर पेलाभर पाणी. मग भिंत धरून अनवाणी उभा राहिलो. व्हिट्रिफाइड — छे! पाय सरळ बाहेर. तिच्यावर कुमुदिनीला उभी करणं म्हणजे पुन्हा हॉस्पिटल. अँटी-स्किड ठीक. कडप्पाही ठीक. ग्रॅनाइट मात्र तळव्याला धरून ठेवतो.

चहा करून आलो तर कडप्पा कोरडा ठणठणीत. बाकी तिघांवर पाणी तसंच. म्हणजे कडप्पा पाणी पितो. डाग पडणार. कडप्पा बाद.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

आज जागा बदलून मांडले. उंबऱ्याजवळच्या डाव्या कोपऱ्यात, काल कडप्पा होता तिथे, व्हिट्रिफाइड ठेवली.

व्हिट्रिफाइड कोरडी. कडप्पा ओला.

काचेसारखी आहे ती. पाणी जाईल कुठे? परत टाकलं. परत गेलं. हात लावून पाहिला — नुसती कोरडी नाही, थंड.

१२ फेब्रुवारी, रविवार

हेरंबला सांगितलं. म्हणाला, तिथे उतार असेल, नाहीतर फटीतून वारा येत असेल. इंजिनिअर आहे तो, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग करतो. त्याच्याकडे सगळ्याला कारण असतं. उतार असता तर पाणी वाहून शेजारी गेलं असतं. शेजारची जमीन कोरडीच होती.

कुमुदिनी ऐकत होती. तिने भलतंच विचारलं.

"सकाळी त्या कोपऱ्यात पाणी टाकता का?"

"कशाला?"

"मी टाकत होते. दारात सडा घालून झाला की ओंजळभर आत, त्या कोपऱ्यात."

हो, टाकायची खरी. मी ओरडायचो, पाय घसरतील म्हणून. आता म्हणते, जमेल तसं तुम्ही टाकत जा. कारण विचारलं तर म्हणाली, सगळ्याला कारण असतं का. आई एका टोकाला आणि मुलगा दुसऱ्या!

मी नाही टाकलं. फरशी सुकवायची आहे की भिजवायची?

१६ फेब्रुवारी, गुरुवार

हे लिहू की नको.

दुपारी कोणीतरी दारात असतं. दार लावलेलं, कडी घातलेली, तरी आतल्या बाजूला. आपण पाठमोरे असलो आणि खोलीत माणूस आलं की न बघता कळतं, तसं. वळलं की कोणी नाही. काल चपला त्या डाव्या कोपऱ्यात काढल्या होत्या. झोपून उठलो तर जराशा बाजूला सरकवलेल्या होत्या. फेकलेल्या नाही. बसायला जागा करताना दुसऱ्याच्या चपला हळूच सरकवतात, तशा. जोडीने.

मीच सरकवल्या असतील. वय झालं.

१८ फेब्रुवारी, शनिवार

ग्रॅनाइट ठरला! टाकी लावलेला, करडा. घसरत नाही, झिजत नाही, पुन्हा पूर आला तरी उठणार नाही. पीठ टाकून रांगोळीची दोन बोटं ओढून पाहिली — रेघ बसते. वॉकरची रबरी टोकं अडकतील इतका खडबडीतही नाही. गवंडी वेंकट सोमवारी येतो म्हणाला. सोमवार म्हणजे कोणता, हे मी विचारून घेतलं.

२० फेब्रुवारी, सोमवार

वेंकट आला! आणि केवढी गोष्ट झाली.

लाल थर दोन तासांत निघाला. खाली चुना-विटांचा थर. डाव्या कोपऱ्यात मात्र वीट नव्हती. वीतभर खोल खड्डा, वाळूने भरलेला. आजूबाजूची माती पुरानंतरची, अजून दमट. ही वाळू भाजल्यासारखी कोरडी. वेंकटने हाताने उपसली तर आतून मुठीएवढा काळा दगड निघाला. गुळगुळीत, नदीतला.

वेंकटने पायातल्या चपला बाहेर टाकल्या आणि हात जोडले. माझ्याही अंगावर काटा आला. तांदळा! आमच्याकडे गावाबाहेर देवीची अशीच ठाणी असतात — नाक नाही, डोळे नाहीत, नुसता दगड, पण देवी. आपल्या दारात देवी होती आणि आम्ही वरून चालत होतो!

म्हणून पाणी पीत होती. म्हणून दुपारी कोणी उभं असायचं. कसली भीती धरून बसलो होतो मी.

धुतला, हळदकुंकू लावलं, देवघरात अन्नपूर्णेशेजारी तांदळावर बसवला. आता कुमुदिनीला काही होत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

फरशी बसते आहे. वेंकट काम सुबक करतो, पण सांधे जाड ठेवतो. मी स्टूल घेऊन समोरच बसतो. बाहेरच्या बाजूला थोडा उतार घ्यायला लावला, उंबऱ्याला कुठे पायरी राहू दिली नाही. तो म्हणाला, मामा, तुम्ही रेल्वेचा प्लॅटफॉर्म करताय. करतोय!

देवीला रोज स्नान, दूध, भाताचा नैवेद्य. कुंकू मात्र टिकत नाही. सकाळी लावतो, दुपारी कपाळ पुसल्यासारखं नाहीसं. तेल लावून त्यावर लावलं. तेही गेलं.

२७ फेब्रुवारी, सोमवार

काम संपलं. सुंदर झालं आहे. आता आठवडाभर जड काही ठेवायचं नाही, रोज पाणी मारायचं.

डाव्या कोपऱ्यातलं पाणी आता राहतं. सगळीकडे सारखं ओलं. बरं वाटलं.

देवघरातला तांब्या मात्र रिकामा. भरून ठेवतो, दुपारी रिकामा. पाली येतात, त्या पीत असतील.

१ मार्च, बुधवार

दुपारी कुमुदिनीचा फोन. फरशीचं सांगत होतो, ती मधेच म्हणाली, "घरी कोण आलंय?"

"कोणी नाही."

"बाई बोलतेय तुमच्या मागे."

मी वळलो. देवघराचा पडदा, खाली तांब्या. "रस्त्यावरची असेल," मी म्हटलं.

"मी नाही तर बायका यायला लागल्या वाटतं घरी," ती हसली. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, पाणी मागतेय ती. द्या ना."

मी फोन ठेवला. तिला नीट सांगितलंही नाही, तसाच ठेवला.

४ मार्च, शनिवार

देवघरात जायला नको वाटतं.

देवीची भीती वाटू नये. पण ही देवीसारखी वाटत नाही. देवीसमोर बसलं की आपण मागतो. इथे बसलं की आपल्याकडे कोणी काही मागत असल्यासारखं वाटतं.

आज जेवायला बसलो. कुमुदिनीचा पाट भिंतीला टेकवलेला असतो, तो समोर मांडलेला होता. मी मांडला नाही. त्यावर ओल होती, कोणी न्हाऊन ओलेत्याने बसावं तशी.

अर्ध्या जेवणावरून उठलो.

९ मार्च, गुरुवार

अलमेलू मामी आली. समोरच्या घरात राहते, आमच्याही आधीपासून. नवी फरशी बघायला आली होती. पायाने दाबून पाहिली, चांगली आहे म्हणाली, कोलम, म्हणजे त्यांची रांगोळी, नीट बसेल म्हणाली. मग देवांना नमस्कार करायला आत गेली आणि तशीच मागे आली. पदर तोंडावर धरलेला.

"तो दगड कुठून आणला?" तिने विचारलं. ती तमिळ बोलते, मी इथे आपल्या भाषेत लिहितो आहे.

दारातून निघाला, मी म्हटलं. देवी आहे.

मामी भिंत धरून खाली बसली. पाणी दिलं तर घेतलं नाही. मग सांगितलं, तुटक तुटक. त्यांच्यात माणूस गेलं की एक दगड नदीकाठी पुरतात आणि एक घराच्या दारात. गेलेला जीव दहा दिवस त्या दगडात राहतो. रोज त्याला तीळ घालून पाणी द्यायचं, भात द्यायचा, कारण त्याला फार तहान लागते. दहाव्या दिवशी दगड काढून पाण्यात सोडायचा. मग तो पुढे जातो. न काढला तर तिथेच, दारात.

आमच्या आधी इथे राममूर्ती म्हणून कोणी राहत होते. बायको विशालाक्षी, लग्नाला थोडी वर्षं झालेली, तापाने गेली. दहाव्या दिवशी शास्त्री आले तर राममूर्तींनी दार उघडलं नाही. पुढे त्या जागेवर लाल फरशी करून घेतली. दोन वर्षांनी भावाने त्यांना दिल्लीला नेलं आणि घर आम्हाला विकलं.

"आम्हाला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"काय सांगायचं, मामा? तुमची बायको आल्या दिवसापासून तिथे पाणी टाकायची. मला वाटलं, तिला माहीत आहे."

मी त्या दगडाला कुंकू लावलं. अन्नपूर्णेशेजारी बसवलं. रोज जेवू घातलं आणि आत बोलावलं.

१० मार्च, शुक्रवार

पद्मनाभ शास्त्र्यांकडे गेलो, अयोध्या मंडपामागे राहतात. मला रागावले नाहीत, हेच फार वाटलं. म्हणाले, तुमच्यातही असतो दगड, जीवखडा म्हणता ना तुम्ही? असतो. पण आम्ही तो दारात पुरत नाही, म्हणून डोक्यातच आलं नाही. दहाव्याला करायचं ते इतक्या वर्षांनी करायचं म्हणजे प्रायश्चित्त लागेल, म्हणाले. गेली तर गेली, नाही गेली तर पुन्हा बघू.

दगड देवघरातून काढून पाटावर ठेवला आहे. तांब्या जवळ ठेवला. देवघर धुतलं. हात नुसते धुतच राहिलो.

१३ मार्च, सोमवार

झालं. शास्त्र्यांनी घरात सगळं केलं, तीळ, पाणी, पिंड. मग रिक्षाने बेसंट नगरला समुद्रावर. मीही गेलो. दगड त्यांच्या हातातून पाण्यात गेला, आवाजसुद्धा झाला नाही. मी मनात म्हटलं, बाई, माफ कर, तुला ओळखलं नाही.

येताना हलकं वाटलं. खरंच हलकं.

१४ मार्च, मंगळवार

तांब्या भरलेला. काठोकाठ.

दुपारी कोणी नाही. किती वेळ पाठमोरा बसून पाहिलं. कोणी नाही.

१९ मार्च, रविवार

कुमुदिनीला सगळं सांगितलं. वाटलं घाबरेल. ती रागावली!

"मला न विचारता पाठवलीत तिला?"

मी म्हटलं, अगं, कोण होती ठाऊक आहे का? तर म्हणते, कोण ते ठाऊक नव्हतं, बाई आहे एवढं कळत होतं. "तुम्ही फॅक्टरीत, हेरंब शाळेत. मी दिवसभर एकटी. दारात कोणीतरी असायचं. तहानलेली असायची, एवढंच. पाणी टाकलं की झालं. सोबत होती हो ती."

मग म्हणाली, पडले त्या दिवशी डोकं दगडी उंबऱ्यावर आपटलंच असतं. मागून कोणीतरी धरलं. तेव्हा हे कोणाला सांगितलं नाही, वेड लागलं म्हणाले असते.

हेरंब खालून भाजी घेऊन आला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो. त्याने विचारलं, भांडलात का?

परत आलो. दार उघडलं. आत नुसती फरशी.

२३ मार्च, गुरुवार

घर फार मोकळं झालं आहे. मी भित्रा माणूस, मला हेच हवं होतं. मग दुपारी कान देऊन का बसतो?

फरशीला डाग नाही. रोज ओल्या पायांनी चालून बघतो. घसरत नाही.

२६ मार्च, रविवार

तांबरमला गेलो तर कुमुदिनी वॉकर न धरता भिंतीच्या आधाराने उभी! विद्यालक्ष्मी मागे हात पसरून. आज मला खोलीतून स्वतः पाणी आणून दिलं. अर्धा पेला सांडला, अर्धा मी प्यायलो.

मंगळवारी येते. हेरंबने रजा टाकली. पाडव्याला गुढी आपल्या दारात, कडुनिंब अलमेलू मामीच्या झाडाचा. कुमुदिनी म्हणाली, फरशी वाईट निघाली तर दारातूनच परत फिरेन. मी म्हटलं, फिर. मग म्हणाली, डाव्या पोटरीत ओढ लागते आहे कालपासून, चालण्याने असेल. विद्यालक्ष्मी तेल लावून देणार आहे.

उद्या रांगोळी आणायची. तिची जुनी पुरात गेली.

२८ मार्च, मंगळवार

आली. चौघांनी आणली.

हेरंब म्हणतो, पहाटे न्हाणीघरातून आली आणि श्वास लागला, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं. पायातली गाठ छातीत गेली म्हणाले डॉक्टर.

नव्या फरशीवर कोणाचाही पाय घसरला नाही.

२९ मार्च, बुधवार

काल स्मशानातून हेरंब जीवखडा घेऊन आला. कापडात बांधलेला, बोराएवढा. आपल्यात तो घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. म्हणाला, बाबा, मामींच्या कडुनिंबाला बांधतो.

मी म्हटलं, नाही. दारात. इथल्या पद्धतीने.

तो म्हणाला, आपल्यात असं करत नाहीत. मी म्हटलं, आपण इथे जन्म काढला. माझ्या तोंडाकडे बघून त्याने कापड खाली ठेवलं. विद्यालक्ष्मीच रडत म्हणाली, अप्पा म्हणतात तसं करू दे.

पद्मनाभ शास्त्री आले. मी सांगितलं काय ते. त्यांनी नव्या फरशीकडे बघितलं.

"करू," म्हणाले. "पण तुम्ही मागचा दगड पाहिलात, म्हणून सांगतो. दहाव्याला मी येईन तेव्हा दार उघडं पाहिजे."

वेंकटने डाव्या कोपऱ्यातला तुकडा छिन्नीने अलगद सोडवला. मामा, आत्ताच तर बसवला होता, म्हणाला. मग कळलं त्याला आणि खाली मान घालून खड्डा केला.

३० मार्च, गुरुवार

पाडवा. गल्लीत मामीच्या दारात आंब्याची पानं. आमच्या दारात काही नाही.

हेरंबने तीळपाणी घातलं. वाळूवर पडलं आणि दिसेनासं झालं.

२ एप्रिल, रविवार

हेरंब पाणी घालतो ते कमी पडतं. मी नंतर जाऊन ओंजळभर घालतो. मंत्र येत नाहीत मला. म्हणतो, घे.

दुपारी सगळी झोपली होती. मी खड्ड्याकडे पाठ करून बसलो. नीट लिहितो, उगाच वाढवून नाही लिहीत. आधी रबराचा आवाज आला. वॉकरचं टोक दगडावर टेकतं तसा, जपून, थांबत थांबत. उंबऱ्यापासून आत. मग फरशीला अनवाणी तळवा घासल्याचा. ती चाचपून बघत होती. घसरतं का ते बघत होती.

मी वळलो नाही. वळलं की कोणी नसतं, हे मला माहीत आहे.

"धरते ना पायाला?" मी विचारलं.

मानेला गार वारा लागला. भीती वाटली — खोटं कशाला लिहू, घाम फुटला. पण उठलो नाही.

४ एप्रिल, मंगळवार

हेरंब म्हणतो, दहावा-तेरावा झाला की घराला कुलूप लावू, तुम्ही तांबरमला चला. चांगल्या मनाने म्हणतो.

राममूर्तींचा विचार करत होतो. लोक वेडा म्हणाले असतील त्यांना. पण त्यांचं एक चुकलं. भावाबरोबर दिल्लीला गेले ते चुकलं.

६ एप्रिल, गुरुवार

आज दहावा. हेरंब अंघोळीला गेला तेवढ्यात वेंकटकडून कोपऱ्यातली फरशी बसवून घेतली, सांधे भरले. दार सताड उघडं ठेवलं, सांगितल्याप्रमाणे.

शास्त्री आले आणि उंबऱ्यापाशी थांबले. हेरंब तिळाचं भांडं घेऊन बाहेर आला, तोही थांबला.

"सिमेंट ओलं आहे," मी म्हणालो. "आज पाय ठेवता येणार नाही. उद्या या."

उद्या अकरावा.